एकेचाळीस बिनवाट्याच्या

शंभरात एकेचाळीस. मी पेनाने लिहिलं होतं, आणि सर म्हणत होते, खोडा.

एकवीस वर्षं मी या प्रयोगशाळेत परजीवी वाढवते आणि मोजते. जीव एका पेशीचा, पण माज केवढा! दुसऱ्याच्या पेशीत घुसतो, तिथेच बसून एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि शेवटी घर फोडून बाहेर पडतो. त्याच्या पोटात एक इवलंसं अंगक, म्हणजे पेशीतला चिमुकला अवयव, असतो. ते अंगक त्याला नव्याने बनवता येत नाही. आईकडून मिळालं तर मिळालं. म्हणून आईच्या पोटात दोन लेकी घडत असताना ते आधी लांब ताणलं जातं, एकेक टोक एकेकीत शिरतं आणि मग मधोमध तुटतं. रंग घातला की हिरवं चमकतं. हजारदा पाहिलंय, तरी अजून नजर हटत नाही.

आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ते तोडणारं प्रथिन दुबळं केलं होतं. मग बऱ्याचदा अंगक तुटायचंच नाही. अख्खं एकीकडे जायचं, दुसरी कोरडी. बाहेर पडलेल्या शंभरांत अशा कोरड्या एकेचाळीस निघाल्या. गंमत म्हणजे एकूण संख्या मात्र प्रथिन शाबूत असलेल्या बाटलीइतकीच होती.

"शक्यच नाही," सर म्हणाले. "अंगक नसतं तर मेल्या असत्या. या तर मजेत आहेत. बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"गेल्याच महिन्यात तपासलाय."

"मग रंग नीट चढला नसेल. शुक्रवारच्या सभेत मी सगळ्यांना सांगणार आहे की हे प्रथिन दुबळं करूनही जीव मरत नाही, त्याच्या मागे लागून काही उपयोग नाही, औषध दुसरीकडे शोधू. खोडा तो आकडा."

"नाही खोडणार."

"तर सोमवारपासून बाटल्या धुवा. मोजायला दुसरं कोणीतरी बघू."

ते केबिनमध्ये गेले आणि मी त्या आकड्याखाली पेनानेच रेघ ओढली. पाच वर्षांत ज्या माणसाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, तो माझ्या डोळ्यांना नावं ठेवतो!

घरी नवरा कांदा चिरत होता. तो बस दुरुस्त करतो. परजीवी म्हटलं की त्याला आपला धाकटा भाऊ आठवतो.

"म्हणजे वाटणीत एकीला सगळं, दुसरीला ठेंगा," तो म्हणाला.

"हो. आणि ठेंगा मिळालेली मजेत जगते. हे कसं?"

"त्यात काय कोडं आहे? आमचा धाकटा नाही का, आईच्या घरी होता तोवर राजा. काडेपेटी कुठे असते तेही माहीत नव्हतं. वेगळं बिऱ्हाड केलं नि आठवड्यात तोंड एवढंसं झालं."

आमच्या कोरड्या लेकीही मोजेपर्यंत आईच्याच घरच्या शिदोरीवर होत्या. आमच्याकडची रीत अशी की, पेशी फुटल्या की मोजायचं आणि मोजून झालं की बाटलीत ब्लीच. दुसऱ्या घरात गेल्यावर त्या कोरड्या लेकींचं काय होतं, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी सरांची विद्यार्थिनी ब्लीच घेऊनच उभी होती. बाटल्यांत काही पेशी नुकत्याच फुटलेल्या होत्या.

"थांब. दुबळ्या प्रथिनाची आणि शाबूत प्रथिनाची, दोन्ही बाटल्यांतला थोडा थोडा भाग ताज्या पेशींवर टाकू."

"सरांना विचारलंत?"

"शुक्रवारी सांगू."

"मावशी, तुमच्यासोबत मलाही बाटल्या धुवायला बसवतील."

"बस की! गप्पा तरी होतील."

ती हसली आणि कामाला लागली. नव्या बाटल्यांवर नाव न घालता तिने नुसते आकडे घातले. कोणता आकडा कुठला, ते कागदावर लिहून पाकीट बंद केलं. मलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी मी बघितलं आणि तडक सभेत गेले. सर पडद्याजवळ उभे राहून तेच सांगत होते.

"सर, हे चुकीचं आहे," मी म्हटलं.

"बाई, बाहेर व्हा."

"होते. पण तुम्हीही चला. दोन बाटल्या आहेत, कुठली कोणती मलाही ठाऊक नाही. शंभर-शंभर मोजा. तुमच्या डोळ्यांनी."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नाही म्हणायची सोय उरली नाही.

सर बसले. फोकस जमेना. मी मदत केली नाही. खडूसपणा म्हणा हवं तर. एका बाटलीत सोळा-सोळांचे, बत्तिसांचे घोळके दिसले. दुसरीत कितीतरी जणी शिरल्या तिथेच एकट्यादुकट्या सुरकुतून पडल्या होत्या, आत हिरव्याचा ठिपकाही नाही. सर मोजत गेले, विद्यार्थिनी रेघा ओढत गेली. सुरकुतलेल्या शंभरात चाळीस निघाल्या. मग तिने पाकीट फोडलं. सुरकुतलेल्यांची बाटली दुबळ्या प्रथिनाची होती. पहिल्या घरात तगलेल्या दुसऱ्यात मेल्या होत्या. औषध शोधायचं तर इथेच शोधायला हवं होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले.

"इंटरेस्टिंग नाही सर. माझा आकडा बरोबर आहे. तसं म्हणा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात अख्खा विभाग उभा होता.

"तुमचा आकडा बरोबर आहे," ते पुटपुटले.

"जोरात," मी म्हटलं.