सहाशे सतरा नंबरचा खूर

इतिहास घडवणारे घोड्यावर बसून पुढे जातात आणि इतिहास शोधणारे त्यांच्या मागून अनवाणी चालत येतात. हे वाक्य क्लेमेंट टफनेल यांनी स्वतः तयार केलं होतं. त्यावर एक अख्खा हिवाळा घालवला होता, आणि नऊ वर्षांपूर्वी लंडनजवळच्या सरकारी दप्तरखान्याच्या दारात ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हणूनही दाखवलं होतं. दारावरच्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बूट आत चालतात," त्या म्हणाल्या. "पेन चालत नाही. पेन्सिल आहे का?"

पेन्सिल नव्हती. त्या दिवशी क्लेमेंटनी बाईंचीच पेन्सिल वापरली आणि परत करायला विसरले. पुढची नऊ वर्षं, दर खेपेला, बाई त्यांच्याकडे त्या पेन्सिलीच्या नजरेनं बघत.

क्लेमेंट म्हणजे हॉर्नब्रिज गावच्या बस कंपनीत चाळीस वर्षं वेळापत्रक बनवणारा माणूस. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना घड्याळ दिलं. घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, त्यामुळे त्यांना फार एकटं वाटलं. मग त्यांनी पणजोबा हाती घेतले.

पणजोबा, म्हणजे शिपाई जोब टफनेल, घोडदळात होते. घरात त्यांची एकच वस्तू उरली होती: घोड्याचा खूर. घोट्याखालून कापलेला, वर पितळी झाकण, आत शिसं ओतून जड केलेला, आणि पुढच्या बाजूला डागलेला आकडा, ६१७. गोष्टही एकच होती. क्रिमियाच्या लढाईतली ती दौड, जी इंग्लंडात प्रत्येक पोराकडून शाळेत घोटून घेतात. हुकूम चुकीचा, समोर तोफा, तरी सगळे गेले. त्या सगळ्यांत आपले पणजोबा होते. घोडा पडला, त्यांनी त्याचा खूर आणला आणि त्यावर आपला शिपाई नंबर डागला. रविवारी जेवणाच्या टेबलावर वडील ही गोष्ट सांगत आणि सांगताना भाजलेल्या मांसावर सुरी जरा जास्तच जोरात चालवत.

हजेरीपटात ६१७ नंबर शोधायला क्लेमेंटना दोन वर्षं लागली. सापडला तो थॉमस ब्रेडवेल नावाचा शिपाई. दौडीत होता. खांद्याला जखम. पुढे बढती. त्याच पटात तीन पानांनंतर १०४३ नंबरवर एक जोब टफनेलही होता: उंची पाच फूट पाच, डोळे करडे, धंदा नाही, दौडीच्या दिवशी आजारी जनावरांच्या तळावर. क्लेमेंटनी त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा तरी पणजोबा म्हणून पाहिलं आणि पान उलटलं. त्या काळी खोट्या नावानं भरती होणारे पोत्यानं होते. कुणी बायकोला चुकवून यायचा, कुणी पोलिसाला. तेव्हा आपला जोब हाच ब्रेडवेल. बसच्या पाटीवर गावाचं नाव काहीही लिहिलेलं असो, खरा असतो तो नंबर. या तत्त्वावर त्यांनी चाळीस वर्षं हॉर्नब्रिजची माणसं घरी पोचवली होती.

पुढची सात वर्षं ते ब्रेडवेलच्या मागे फिरले. पहाटेची गाडी, ओल्या बाकावर बसून चीजचा सँडविच, संध्याकाळी परत. गुडघे गेले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. आणि आता अशी वेळ आली होती की थांबून चालणार नव्हतं.

विनिफ्रेड, त्यांची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, वृद्धांच्या निवासात होती. त्या हिवाळ्यात तिला दोनदा न्यूमोनिया झाला होता. तिची एकच इच्छा राहिली होती: चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, आवारात गवतात बिनखुणेचे पडलेले पणजोबा, त्यांच्या डोक्याशी दगड बसावा, त्यावर दौडीचा उल्लेख असावा, आणि तो तिला चाकांच्या खुर्चीतून का होईना, बघता यावा. निवासातल्या झाडून सगळ्यांना तिनं ही दौड ऐकवली होती. दोन म्हाताऱ्या तर ती ऐकता ऐकता गेल्या होत्या.

दगड घडवणारा गॉडबोल्ड म्हणाला होता, "गुरुवारी सकाळी मजकूर द्या. उशीर झाला तर मी ईस्टरनंतर. आणि पलटणीचं चिन्ह कोरायचं असेल तर चॅपलवाल्यांना पलटणीच्या संग्रहालयाची चिठ्ठी लागते."

"मिळेल," क्लेमेंट म्हणाले.

"दोन नावं कोरायची म्हणता?"

"ब्रेडवेल या नावानं दौडलेले जोब टफनेल."

"बघा बुवा. दगड एकाच माणसाचा आहे."

मंगळवारी क्लेमेंट खूर टॉवेलात गुंडाळून, तीन बस बदलून संग्रहालयात गेले. तीनही बस उशिरा आल्या. त्यांनी वेळा वहीत टिपल्या. आता कुणाला दाखवायच्या नव्हत्या, तरी टिपल्या.

संग्रहालय म्हणजे जुन्या छावणीतल्या दोन खोल्या. तिथे हार्टली स्प्रॉट नावाचे गृहस्थ चहा पीत बसले होते. हयात फौजेत नालबंद म्हणून काढलेली, हात फावड्याएवढे. आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी येत, कारण घरी बायको निवृत्त झाली होती.

क्लेमेंटनी टॉवेल सोडला आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. स्प्रॉटनी खूर उचलला, उलटा केला, वास घेतला आणि परत ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हा नंबर माणसाचा नाही. घोड्याचा आहे."

"म्हणजे?"

"पलटणीतल्या प्रत्येक घोड्याच्या खुरावर त्याचा नंबर डागत. शिपायाच्या खुरावर नाही डागत. निदान माझ्या वेळी तरी नाही."

क्लेमेंट खुर्चीत बसले. खुर्ची प्रदर्शनातली होती, पण स्प्रॉटनी त्यांना उठवलं नाही.

"मग माझा ब्रेडवेल?"

"असेल कुणाचा तरी. चांगला माणूस दिसतोय." स्प्रॉटनी त्यांच्यासाठी चहा ओतला. "हा खूर कुऱ्हाडीनं तोडलाय, मिस्टर टफनेल. एका घावात. हे नालबंदाच्या माणसाचं काम. घोडा मेला की नंबराचा खूर तोडून कचेरीत नेऊन दाखवायचा. नाहीतर साहेब म्हणणार, मेला कशावरून, विकला असेल. खूर दाखवला की वहीत घोडा मेला. तोवर नाही."

"आमचा जोब टफनेल नंबर एक हजार त्रेचाळीस," क्लेमेंट अगदी बारीक आवाजात म्हणाले. नऊ वर्षांत ते 'आमचा' असं त्याच्याबद्दल पहिल्यांदाच म्हणत होते.

स्प्रॉट आतल्या खोलीत गेले आणि तीन जाड वह्या घेऊन आले. "वाचा. पेन चालेल, फक्त चहा दूर ठेवा. मागच्या वेळी एका कर्नलच्या वंशजानं अख्खी लढाई भिजवली."

दुपारभर क्लेमेंट वाचत होते. दौडीनंतरचा तो हिवाळा. डोंगरावरची छावणी, चारा खाली बंदरात, रस्ता चिखलात. घोडे उपाशी मरत होते; एकमेकांच्या शेपट्या, खोगिराची कातडी, जे मिळेल ते खात होते. नोव्हेंबरच्या पानावर: 'शिपाई १०४३ टफनेल, खूर तोडण्याच्या कामावर.' डिसेंबर, तेच. जानेवारी, तेच. समोर घोड्यांचे नंबर, एकाखाली एक, वेळापत्रकासारखे. क्लेमेंटनी सवयीनं मोजले. दोनशे बारा.

मग शिक्षावहीत, फेब्रुवारीच्या पानावर: 'घोडा ६१७ मृत असल्याचे शिपाई टफनेल सांगतो, परंतु खूर हजर करीत नाही. विचारले असता उत्तर देत नाही. सात दिवस कैद.'

आणि घोड्यांच्या वहीत ६१७ समोर मेल्याची नोंदच नव्हती. खूर आला नाही, म्हणून कचेरीनं घोडा मेल्याचं मान्य केलं नाही. कागदोपत्री तो आणखी तीन वर्षं जगला. त्याच्या नावचा चारा रोज निघत होता. एकदा एका तपासणी अधिकाऱ्यानं त्याच्यासमोर शेरा मारला होता: 'प्रकृती उत्तम.'

"हे अजूनही असंच चालतं का?" क्लेमेंटनी विचारलं.

"आता घोडे कमी आहेत," स्प्रॉट म्हणाले. "चिन्ह कोरायची चिठ्ठी देऊ? पलटणीत होता, तेवढं पुरतं. दौडीचं मात्र मी लिहून देऊ शकत नाही."

परतीच्या बसमध्ये क्लेमेंटनी डोळे मिटले. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? स्प्रॉट हॉर्नब्रिजला यायचे नाहीत. गॉडबोल्डला सांगाल ते तो कोरील. विनी दगड बघेल आणि सुखानं जाईल. पण जी बस धावली नाही ती वेळापत्रकात छापायची नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात इमानानं केली होती. वाकडं काम करायलाही थोडा उत्साह लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता.

बुधवारी दुपारी ते विनीच्या खोलीत गेले. ती उशांना टेकून बसली होती, अंगावर दोन शाली. खोलीचं दार नेहमीसारखं वाऱ्यानं उघडझाप करत होतं.

"आलास. किती पायऱ्या चढलास असा चेहरा केलायस," ती म्हणाली. "लिफ्ट आहे इथे."

"विनी, पणजोबा दौडीत नव्हते."

त्यांनी सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता. बोलून झाल्यावर खूर टॉवेलातून काढून तिच्या मांडीवर ठेवला. लहानपणापासून त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. तो खिडकीत, काचेच्या पेटीत असायचा, आणि विनी रोज पेटी पुसायची.

तिनं शालीच्या टोकानं खूर पुसला. दार दोनदा आपटलं.

"आजोबा सांगायचे," ती म्हणाली, "की जोब कधी घोडागाडीत बसायचा नाही. चॅपलला चार मैल पायी. पावसात शेजारी गाडी थांबवायचे, तरी पायी. आम्ही म्हणायचो, पायाला जखम असेल, बसलं की दुखत असेल."

"जखमेची नोंद नाही."

"नसणारच." तिनं आकड्यावरून अंगठा फिरवला. "दोनशे बारा?"

"दोनशे बारा. हा धरून तेरा."

"आणि हा एकच का ठेवला?"

"ते लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर देत नाही, एवढंच आहे."

"आपल्या घरचाच," विनी म्हणाली. "बाबाही असेच होते." मग आकड्याकडे बघत: "म्हणजे वहीप्रमाणे हा अजून मेला नाही."

"तीन वर्षांनी ती वहीच बंद झाली. तशी मेल्याची नोंद नाही."

"या सगळ्यांना मी काय काय सांगून ठेवलंय, क्लेम. मिसेस डॅफर्न बिचारी माझा हात धरून गेली, तोफांपर्यंत पोचल्यावर."

"ती पोचली ना. झालं तर."

विनी हसली, मग खोकली, आणि खोकला संपेपर्यंत क्लेमेंट तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ती सावरल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॉडबोल्डला मजकूर द्यायचा होता.

"दगडावर काय लिहू?"

"नाव लिही. त्याचं स्वतःचं. आणि, घोडदळात होता."

"एवढंच?"

"चिन्ह मिळालंय ना? मग पुरे. जास्त लिहिलं तर वाचत उभं राहावं लागेल, आणि तिथे वारा असतो."

क्लेमेंटनी ते लिहून घेतलं. अक्षरं मोजली, गॉडबोल्ड विचारणार होता. नऊ वर्षं आणि एवढीशी ओळ. त्यांनी वही मिटली, टोपी घातली, टॉवेल उलगडला आणि खूर घरी पेटीत परत ठेवायला न्यायचा म्हणून हात पुढे केला.

"पेटीत नको," विनी म्हणाली. "जड आहे ना चांगला? जाताना दाराला लावून जा. सारखं आपटतं."