दादाचा खाकी कोट

डोळे मिटा बरं क्षणभर. समोर एक लांबट खोली आणा. खिडकीशी शिवणयंत्र, टेबलावर खडू, टेप आणि चिंध्यांचा ढीग. खुंटीला एक खाकी कोट लटकतोय. त्याला हात लावून बघा, पण हळू हं, तुमच्या आजोबांएवढा म्हातारा आहे तो. खरखरीत लागला ना? आता उघडा डोळे. त्याच खोलीत आपली काडी उभी आहे.

काडी ही शिंपीमामाची भाची. अंगाने किरकोळ, म्हणून मामा तिला काडी म्हणे. तिच्या आजोबांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, युद्धावर गेला, तो परत आलाच नाही. मागे शिपायाच्या वेशातला एक फोटो तेवढा राहिला. आजोबांचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्याचं आज ऑपरेशन होतं आणि नंतर दिसेलच अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. म्हणून आजोबांनी एकच गोष्ट मागितली होती. दादाला एकदा, निघाला होता तसं, त्या वेशात घराच्या गेटपाशी बघायचं होतं त्यांना.

मामाने जुन्या बाजारात चपला झिजवून एकेक वस्तू गोळा केली. त्या युद्धातलाच कोट, तेव्हाचीच पितळी बटणं, तसाच पट्टा, तशीच टोपी. नकली काही चालायचं नाही, हा त्याचा हट्ट. भरती झाला तेव्हा दादा अंगाने जेमतेम काडीएवढाच होता, म्हणून कोट तिनेच घालायचा असं ठरलं. पण आलेला कोट हा एवढा ढगळ! मामाने बाह्या आणि कडा आत दुमडून तो तिच्या अंगावर असा बेतला की शोधून सुरकुती सापडू नये.

काडी गेटपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून आजोबा बराच वेळ बघत होते.

"छान शिवलायस रे," ते मामाला म्हणाले. "पण हा कोणीतरी साहेब दिसतोय. आमचा दादा नव्हे."

मामाचा चेहरा पडला. "बाबा, अहो बटणसुद्धा तेव्हाचं आहे!"

"असेल. मी कुठे नाही म्हणतोय? गाडी आली की सांग."

काडी आत आली. मामा धुसफुसत होता. "टोपी तिरकी हवी होती का? की पट्ट्याचं काही चुकलं?"

"त्यांनाच विचार ना, मामा."

"पाच वर्षांचं पोर होते ते तेव्हा. काय आठवणार त्यांना?"

मग काडीनेच खिडकीशी जाऊन विचारलं. "आजोबा, दादा निघाला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"हसलो."

"हसलात?"

"आई रडत होती, शेजारपाजारचे रडत होते. दादा गेटपाशी वळला, हात वर केला, आणि मला एकदम खुदकन हसू आलं. कशाचं, ते आजवर आठवलेलं नाही बघ."

काडीने भिंग घेऊन फोटो पुन्हा पाहिला. दादाचे हात कुठे दिसत नव्हते. हात मागे बांधलेत, असं मामाने ठरवून टाकलं होतं. पण कोपरं तर मागे गेलेली नव्हती. बाह्या सरळ खाली लोंबत होत्या.

"मामा! हात आत आहेत!"

"कुठे आत?"

"बाहीत! दादाचा कोट मोठ्या माणसाचा होता. आणि तू हा नीट करून ठेवलास!"

मामाने फोटो डोळ्यांशी धरला. "बेढब दिसलं की माझा हात शिवशिवतो गं. कोण म्हणेल, असंच ठेवायचं होतं?"

"उसव ना मग."

"कापड पार विरलंय, काडे. दुमडतानाच माझा जीव टांगणीला लागला होता. आता घडीवरच फाटलं तर बाही हातात येईल."

बाहेर हॉर्न वाजला. मामाने कात्री उचलली, पण टाक्याला लावली नाही. त्याने ती काडीच्या हातात दिली. "तुझी बोटं बारीक आहेत. ओढायचं नाही. एक टाका काप, दोरा सोड, मग पुढचा."

कोट टेबलावर पसरला. टक्. आणखी एक, टक्. मध्येच चर्र झालं आणि दोघांनी वाकून पाहिलं. अस्तर फाटलं होतं, वरचं कापड शाबूत होतं.

"अहो, दवाखान्यात उशीर होईल!" गाडीवाला ओरडला.

"आलो, आलो!" मामा म्हणाला, पण जागचा हलला नाही. दुसरी बाही सुटेपर्यंत तो काडीच्या बोटांकडे बघत राहिला.

काडीने कोट चढवला आणि गेटकडे धूम ठोकली. खिडकीत आजोबा उठायच्या बेतात काठी चाचपत होते.

"आजोबा!"

तिने वळून हात वर केला. हात दिसलाच नाही. बाहीचं रिकामं टोक मोडून लोंबलं आणि फटकन टोपीवर आपटलं. टोपी नाकावर आली.

काडीला टोपीखालून काहीच दिसत नव्हतं. मग आवाज आला. आजोबा खुदकन हसले होते, पाच वर्षांच्या पोरासारखे.

गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. काडीने टोपी सरळ केली नाही. तिने दुसरीही बाही वर उचलली आणि दोन्ही हलवत राहिली.