उंटावरून हाकलेली शेळी

मी शेळी बोलतेय. ऐकायचं तर नीट ऐका, आणि 'बिच्चारी' वगैरे म्हणणार असाल तर आत्ताच चालते व्हा. मला शिंगं आहेत.

माझा जन्म या डोंगराखालच्या गोठ्यातला. धनीण तोंडाची फटकळ, हाताची मऊ. सकाळी शिव्या देत बाहेर काढायची, संध्याकाळी शिव्या देत आत घ्यायची. आमचं छान चाललं होतं. मग ती घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आमच्या नशिबी तिचा जावई आला.

जावई गणिती. जनावरं कळपात कशी चालतात, याचं म्हणे तो समीकरण मांडतो. शेळी शेजारणीला बघून वळते, फार जवळ आली तर सरकते, मागे पडली तर कळपाकडे धावते. झालं, एवढीच आमची अक्कल! त्यानं प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि स्क्रीनवर आमचे ठिपके केले. खुर्चीत बसून तो बोटानं रेघ ओढायचा. रेघेजवळ गेलं की पट्टा किंचाळायचा, ओलांडली की मानेत विजेचा झटका. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकून होते, या बाबाला उंटही लागत नव्हता.

"आई, तुम्ही निवांत पडा," तो सासूला म्हणायचा. "मॉडेल सगळं बघतं."

डोंबल बघतं!

एका दुपारी मी उतारावर व्याले. एकच करडू, तांबूस, माझ्यासारखंच. चाटून कोरडं केलं, पाजलं आणि झुडपाखाली लपवलं. आमच्यात असंच करतात. नवं पिल्लू कळपामागे धावू शकत नाही, म्हणून ते गुपचूप पडून राहतं आणि आई चरून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते. समीकरणात हे कुठंच नव्हतं, आणि पिल्लाच्या गळ्यात पट्टाही नव्हता.

स्क्रीनवर माझा ठिपका सारखा त्याच झुडपाकडे जात होता. दुसरा कुणी उठून बघून आला असता. यानं त्याला 'नॉईज' म्हटलं. नॉईज म्हणजे गणितात न बसणारी खुडबुड, ती पुसून टाकायची असते. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड; इथं तर वातडही नाही, नुसती खुडबुड!

संध्याकाळी त्यानं रेघ गोठ्याकडे ओढली. झुडूप पलीकडे राहिलं. मी गेले, झटका बसला. गुडघ्यांवर पडले, उठले, पुन्हा गेले. पलीकडून पिल्लू हाका मारत होतं. पुन्हा झटका. शेवटी पाय उचलेनात, तेव्हा कळपानं मला ढकलत आत आणलं.

गोठ्याला लागूनच धनिणीची खिडकी आहे. "जावईबापू, ती तांबडी गाभण होती हो. जरा बघून येता?" तिनं विचारलं.

"आई, सगळ्या आत आल्यात. एकही ठिपका बाहेर नाही."

"मग बरं," ती म्हणाली.

मी ओरडत राहिले. त्यानं खिडकी लावून घेतली.

सकाळी धनिणीची लेक आली. धार काढायला बसली आणि माझी टणक झालेली कास बघून किंचाळलीच, "अरे, ही व्यालीय! पिल्लू कुठंय?"

तिनं माझा पट्टा काढून फेकला. ती स्वतःच माझ्या मागोमाग उतारावर पळाली. पिल्लू झुडपाखालीच होतं, थंडीनं आखडलेलं, पोट खपाटीला गेलेलं. मी किती चाटलं तरी हललं नाही.

"मला तो ठिपका दिसलाच नाही गं," जावई गोठ्याच्या दारात म्हणाला.

"ठिपका नव्हता तो, पिल्लू होतं! एवढ्या वेळा तिकडं जात होती ती, स्क्रीनवर दिसतंय की. तुला उठून बघायला काय झालं होतं?"

आत धनीण तोंडावर पांघरूण घेऊन रडत होती. तरी तिचा पाय बरा होईतो पट्टे ठेवायचेच ठरले, कारण डोंगरावर जाणार कोण?

तुमची दया मला नको. एवढंच सांगते, आमच्याबद्दल काही मांडायचंच असेल तर आधी आमच्या मागे चाला, पायात काटे मोडू द्या. आणि त्या जावयाला माझ्याजवळ पाठवू नका. दोनदा शिंग घातलंय, तिसऱ्यांदा नेम चुकणार नाही.

परवा तो फोनवर कुणाला तरी खुशीत सांगत होता, "आता अगदी तंतोतंत जुळतंय! ती तांबडीसुद्धा कळप सोडत नाही."

कशाला सोडेन? माझं तिकडं आता कोण आहे?