राखीव यादीत पहिली

"सर्वांनी उभं राहावं!"

हे मी बोलले. कोर्टात नव्हे, लीड्समधल्या बॅरिस्टरांच्या एका चेंबरमध्ये, म्हणजे त्यांच्या सामायिक कचेरीत, माझ्याच मुलाखतीच्या वेळी. लुटुपुटूचा खटला होता. समोर दोन बॅरिस्टर बसलेले, तिसरे मिस्टर क्रॉसली न्यायाधीश बनून बाजूच्या दारातून येणार, आणि मी एका काल्पनिक चोराची शिक्षा कमी व्हावी म्हणून पाच मिनिटं बोलायचं, असा बेत होता. दार उघडलं आणि सतरा वर्षांची सवय माझ्या तोंडून बाहेर पडली. आवाजही तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. समोरचे दोघं खरोखरच ताडकन उभे राहिले.

मग सगळे हसले. क्रॉसली म्हणाले, "बेव, आज तू त्या बाजूची नाहीस. बोल आता, तुझा चोर वाट बघतोय."

मीही हसले. मग बोलले, आणि माझ्या मते बरं बोलले. पण परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले तेव्हा मला ते पाच मिनिटांचं भाषण आठवत नव्हतं. ते दोघं ताडकन उठलेले तेवढे आठवत होते.

मी बेव्हर्ली हॉब्सन, वय सत्तेचाळीस. हल शहरातल्या क्राउन कोर्टात पुकारा करते. वकिलांची हजेरी घ्यायची, ज्युरीला आत-बाहेर न्यायचं, साक्षीदाराच्या हातात शपथेचं कार्ड द्यायचं, न्यायाधीशांचा पाण्याचा जग भरून ठेवायचा. काळा गाऊन मलाही असतो. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला मी वकीलच वाटते. जवळ आलेला माणूस विचारतो, "बाई, संडास कुठंय?"

माझी आई हेसल रोडला मासळीच्या कारखान्यात सुरी चालवायची. आमच्या घराचा वकिलाशी संबंध आला तो एकदाच. माझा भाऊ टेरी एका मारामारीत सापडला, तेव्हा. वकील व्हरांड्यात दहा मिनिटं भेटला, दोनदा घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "गुन्हा कबूल कर, लवकर मोकळा होशील." टेरीनं तो केलाच नव्हता. पण त्याने कबूल केला, वकिलाला त्याची परतीची गाडी वेळेवर मिळाली आणि टेरीला चौदा महिने. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या व्हरांड्यात आपलं कुणीतरी असायला हवं होतं, हे डोक्यातून कधी गेलंच नाही.

तिशीत घरी बसून कायद्याची पदवी घेतली, नंतर शनिवार-रविवार लीड्सला जाऊन बॅरिस्टरीचा अभ्यासक्रम. लंडनच्या इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांना सनद देणाऱ्या जुन्या संस्थेत, रीतीप्रमाणे जेवणंही झाली. एका टेबलाला चौघं. शेजारच्या पोरानं विचारलं, "शाळा कुठली?" मी म्हटलं, "मासळी बाजाराच्या मागची." तो म्हणाला, "वा, म्हणजे नौकांच्या शर्यती चांगल्या होत असतील." बिचाऱ्यानं मनापासून विचारलं होतं. सनद घेतली त्या संध्याकाळी आई चर्चची टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसली होती. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली.

पण नुसत्या सनदेवर कोर्टात उभं राहता येत नाही. आधी एखाद्या चेंबरने वर्षभर उमेदवार म्हणून ठेवून घ्यावं लागतं, आणि तेही अभ्यासक्रम संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. नाहीतर सगळं शिळं होतं. चार वर्षं मी अर्ज केले, चार वर्षं नकार आले. हे पाचवं होतं.

या पाच वर्षांत मी कुणाचीच राहिले नाही. आमच्या चहाच्या खोलीत माझ्यासारखाच पुकारेवाला केव्ह आधी चिडवायचा, "आल्या बॅरिस्टरबाई! चहा चालेल की शेरी मागवू?" तेव्हा मला राग यायचा. नंतर त्याने चिडवायचंच सोडलं. मी आत गेले की चालू असलेलं बोलणं हवापाण्यावर यायचं. ते जास्त लागलं. वकिलांच्या कपडे बदलायच्या खोलीत मला फक्त दारातून डोकावून "तीन नंबर, तुमची वेळ झाली" एवढं म्हणायला परवानगी. दोन्ही खोल्यांच्या मध्ये व्हरांड्यात एक रेडिएटर आहे. त्याला पाठ लावून मी माझं सँडविच खायची.

शिलान मला भेटली ती क्रॉसलींमुळे. ज्यांच्या घरात कधी कुणी वकील नव्हतं अशांना मुलाखतीसाठी तयार करायचं, असा उपक्रम त्यांच्या चेंबरने सुरू केला होता. आम्ही दोघी त्यातल्या. ती चोवीस वर्षांची, कुर्दी, बाप अॅनलाबी रोडला गाड्या धुण्याचं दुकान चालवतो. दर शनिवारी ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. बापाने केलेले द्राक्षाच्या पानातले भाताचे रोल आणायची, मी कोपऱ्यावरून बटाट्याच्या पॅटी आणायची, आणि आम्ही टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकींशी भांडायचो. पोरगी हुशार. मी एक मुद्दा मांडला की ती त्याचीच दोरी करून मला बांधायची. दोघी क्रॉसलींच्याच चेंबरमधल्या एका जागेसाठी अर्ज करणार आहोत, हे आम्हाला ठाऊक होतं. तो विषय आम्ही काढत नव्हतो.

पहिल्याच शनिवारी तिने जाताना हात पुढे केला.

"तिथे हे करू नकोस हं," मी म्हटलं. "बॅरिस्टर एकमेकांशी हात मिळवत नाहीत. अशिलाशी मिळवतील, कारकुनाशी मिळवतील. आपसात नाही."

"का म्हणून?"

"पूर्वी म्हणे हातात तलवार नाही हे दाखवायला हात मिळवायचे. वकिलांचा एकमेकांवर आधीच विश्वास, मग कशाला मिळवायचा?"

"आणि खरंच असतो विश्वास?"

"छे गं. पण हात नाही मिळवत."

ती हसली. मग थांबून म्हणाली, "मिस्टर क्रॉसली तुमच्याशी मिळवतात. मी बघितलंय."

"दर सोमवारी."

"पण सनद तर तुम्हाला पण आहे ना, बेव?"

"सनद भिंतीवर आहे," मी म्हटलं. "गाऊन पुकारेवालीचा आहे. पॅटी गार होतेय, घेऊन जा ती."

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी नऊ वाजता देशभरातल्या सगळ्या चेंबरांचे उमेदवारीचे निकाल एकाच वेळी लागतात. नऊला मी रिकाम्या कोर्टात होते, हातात पाण्याचा जग. कोर्टात फोन बंद ठेवा, हे मीच लोकांना दरडावते. तो उघडला. या वर्षी जागा देता येत नाही याचं वाईट वाटतं, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ: राखीव यादीत आपण पहिल्या आहात. निवडलेल्या उमेदवाराने सात दिवसांत जागा नाकारली तर ती आपल्याला दिली जाईल.

जागा एकच होती. जग खाली ठेवायच्या आत फोन वाजला.

"बेव! मिळाली! लीड्सची मला मिळाली!" शिलान एका श्वासात बोलत होती. "तुमचं काय झालं?"

"माझं नाही झालं, बाळा. तुझं सांग."

"सॉरी, बेव."

"अगं, सांग ना तू."

"ऐका, मला तुमचा सल्ला हवाय. लंडनचं ते मोठं चेंबर आहे ना, तिथे मी राखीव यादीत दुसरी आहे. तिथली एक मुलगी म्हणाली, दरवर्षी दोन-तीन जण तरी जागा सोडतात. बाबा म्हणतात, लंडन ते लंडन. आणि मला अजून चार वर्षं आहेत. लीड्सला नाही म्हणू का? तुम्ही सांगाल तसं करते. मला दुसरं विचारायला कुणी नाहीये."

मी न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. लंडनसाठी थांब, असं म्हटलं की झालं. धडधडीत खोटंही ठरलं नसतं. मोठं स्वप्न बघ, तू लहान आहेस, असं कुणीही म्हणालं असतं. पुढच्या शुक्रवारी ती जागा माझी. मला हवी होती ती. इतकी हवी होती, की शब्द जिभेवर येऊन बसला आणि मला तो दाताने धरून ठेवावा लागला. ती पलीकडे वाट बघत होती. मला दुसरं विचारायला कुणी नाहीये, म्हणाली होती. त्या दिवशी टेरीलाही विचारायला दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्याच्या सोयीचा सल्ला आमच्या घराने एकदा घेतलाय आणि तो काय भावाने पडतो ते मला चांगलं माहीत आहे.

"घे," मी म्हटलं. "आजच हो म्हण. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस."

"नक्की?"

"नक्की. आता ठेव फोन, न्यायाधीश येतायत."

न्यायाधीश यायला तासभर होता. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन बसले, कारण ती एकच जागा दारातून दिसत नाही, आणि रडले. पुरेसं रडून झाल्यावर जग भरला.

सल्ला मीच दिलेला, तरी ते सात दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. माणूस असा लबाड असतो. आठव्या दिवशी कळवण्यात आलं की जागा भरली आहे. त्या संध्याकाळी चूल पेटवावीशी वाटेना. कोपऱ्यावर गेले, तर दुकानदाराने सवयीने दोन पॅटी बांधल्या. मी एक परत करायला विसरले. ती दुसऱ्या दिवशी आईच्या खुर्चीसमोर बसून गारच खाल्ली. ऑगस्टात पाच वर्षं संपली. कुणी पत्र वगैरे पाठवत नाही. तारीख येते आणि जाते. राखीव यादीचं मी कुणाला सांगितलं नाही, आणि चेंबरवाले अशा गोष्टी बोलत नसतात.

ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी मी तीन नंबरच्या कोर्टाच्या दारात हजेरीचा कागद घेऊन उभी होते. मागे केव्ह ज्युरीच्या खुर्च्या मोजत होता. क्रॉसली आले, नेहमीसारखा माझा हात हातात घेऊन हलवला. "कशी आहेस, बेव? ही माझी नवी उमेदवार. तुझ्या ओळखीची आहे म्हणा."

त्यांच्यामागे शिलान होती. काळा सूट, केस घट्ट बांधलेले, छातीशी धरलेली वही. एकदम मोठी दिसत होती. शनिवार बंद झाल्यापासून आम्ही भेटलो नव्हतो. तिचं नाव मी कागदावर लिहिलं. मग मी हात पुढे केला. पुकारेवालीने नव्या वकिलाशी करावा तसा.

शिलानने हाताकडे बघितलं. वही आणखी घट्ट धरली आणि मान किंचित लववली.

"आपल्यात नाही मिळवत, बेव," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

केव्हचं मोजणं थांबलं. क्रॉसलींनी आपला उजवा हात एकदा बघितला आणि गाऊनच्या आत घेतला. माझा हात अजून पुढेच होता. तो परत कसा आणायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याच हाताने मी दार उघडून धरलं. ती दोघं आत गेली, आपापल्या जागी बसली.

दहाचे ठोके पडले. न्यायाधीशांनी आतून दारावर टकटक केली. मी माझ्या जागेवर गेले, गाऊन खांद्यावर सारखा केला.

"सर्वांनी उभं राहावं," मी म्हटलं.

सतरा वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही. पण पहिल्या बाकामागची शिलान माझ्याकडे बघत आधीच उभी होती. तिला बघून बाकीचे उठले.