नाक्यावरच्या बाईचं रडू

पंचक्रोशीत भुतांचा तुटवडा कधीच नव्हता. पिठाच्या जुन्या गिरणीत एक बिनडोक्याचा माणूस रिकामं जातं फिरवत असे. तळ्याकाठी एक जण ओल्या कपड्यांनी बसून वाटसरूंना वेळ विचारी. पुलाखाली नेमकं काय होतं ते कोणी धड पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याची वर्णनं सर्वांत तपशीलवार होती. पण ही सगळी लहरी मंडळी. आली तर आली, नाही तर नाही. वेळ पाळणारं भूत एकच, ते म्हणजे नाक्यावरची बाई.

गावाबाहेर रस्ता फुटतो तिथे पूर्वी जकात घेत. नाक्याच्या त्या दुमजली इमारतीत आता मावशींचं पाहुणेघर होतं. त्या तशा गावात कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना मावशीच म्हणे. जुन्या नाकेदाराने जन्मभर लोकांच्या गाड्या अडवल्या आणि एके दिवशी त्यातल्याच एका गाडीत बसून तो निघून गेला. त्याची बायको तेव्हापासून रोज दिवेलागणीला माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, भिंतीच्या आत रडते, अशी कथा होती. पाहुणे लांबून येत, भिंतीला कान लावून बसत, रडू ऐकत आणि खूश होऊन जात.

रडू खरंच येई. ते कुठून येतं हे फक्त मावशींना ठाऊक होतं. नळाला पाणी संध्याकाळी सुटे. माळ्यावरची टाकी भरत आली की पाण्यावर तरंगणारा गोळा वर येई आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह मिटायला लागे. त्यातला वायसर झिजलेला, म्हणून तो पुरता मिटेना आणि पुरता उघडाही राहीना. मधल्यामध्ये थरथरत राही. ती थरथर पाइपात उतरे, पाइप भिंतीतून गेलेला, आणि भिंत हुंदके देऊ लागे. स्वतःचा नवरा वारल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मावशी शिडीवरून वर गेल्या होत्या तेव्हा त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, झाकण परत लावलं आणि खाली येऊन पोटच्या पोरीलाही काही सांगितलं नाही.

आता ही पोर नवऱ्याला घेऊन सुट्टीला यायची होती. येण्याआधी फोनवर तिने आईला धारेवर धरलं.

"आई, या वेळी त्याला दिवाणखान्यात मांडून ठेवायचं नाही."

"म्हणजे काय गं? मी काय कमी करते त्यांचं?"

"कमी नाही, जास्तच करतेस. उठला की बसा म्हणतेस, ताट उचललं की हातातून काढून घेतेस. त्याला वाटतं तू त्याला जावई नाही, गिऱ्हाईक समजतेस. फिटर माणूस आहे तो, रिकामा बसला की त्याला अपमान झाल्यासारखं होतं. काहीतरी काम सांग. नाहीतर पुढच्या वेळी मी एकटीच येईन, सांगून ठेवते."

एकुलती एक लेक. ती एकटी आली, तर हळूहळू तीही येईनाशी होईल, हे कळायला फार अक्कल लागत नाही. म्हणून जावई आल्यावर चहा झाला, तशा त्या म्हणाल्या, "जावईबापू, घर तुमचंच आहे. काही खटकलं तर बघा." आणि बाजाराला गेल्या.

परत आल्या तेव्हा दार उघडताना कुरकुरलं नाही. मावशी उंबऱ्यातच थबकल्या. जिन्याची जी पायरी पाहुण्यांच्या पायाखाली कण्हत असे, ती मुकाट राहिली. वाऱ्यावाचून आपोआप उघडणारी खिडकी कडी लावून गुमान बसली होती. आणि माळ्याच्या शिडीवरून जावई उतरत होता, कोपरापर्यंत ओला, चेहरा असा फुललेला की मावशींनी लग्नातही पाहिला नव्हता.

"टाकीचा व्हॉल्व्ह पार गेला होता," तो म्हणाला. "नवा वायसर घातला. आता आवाज म्हणून यायचा नाही."

"अरे वा," मावशी म्हणाल्या आणि पिशवी हातात घेऊनच खाली बसल्या.

त्यांना बसायला कारण होतं. त्याच संध्याकाळी एक निवृत्त न्यायाधीश सपत्नीक येणार होते. लोक टपाल तिकिटं जमवतात तशा न्यायाधीशसाहेबांना भुताटकीच्या जागा जमवायचा नाद होता. गिरणी, तळं, पूल, तिन्हीकडे त्यांची निराशा झाली होती. आता सगळी भिस्त नाक्यावरच्या बाईवर.

जावई हातपाय धुवायला गेला तशी मावशींनी त्याच्या पेटीतला पाना उचलला आणि पदर खोचून शिडी चढल्या. एक आटा सैल केला की झालं, कोणाला कळणारही नाही. झाकण सरकवून त्यांनी हात आत घातला, तोच खालून आवाज आला.

"काही चुकलं का?"

शिडीच्या पायथ्याशी जावई उभा होता. फुललेला चेहरा कोमेजायच्या बेतात.

"छे, छे! बघत होते, कसं केलंत ते."

तो भराभरा वर आला. मग त्याने गोळा दाखवला, दांडी दाखवली, जुना वायसर खिशातून काढून त्याची झिजलेली कड दाखवली. "हे बघा, एकाच बाजूने झिजलाय. म्हणजे दांडी तिरकी होती. नुसता वायसर बदलला असता तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून आधी दांडी सरळ केली." लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पण तो इतकं कधी बोलला नव्हता. मावशी मान डोलावत राहिल्या. पाना त्यांनी हळूच बाजूला ठेवून दिला.

संध्याकाळी कोपऱ्यातली खोली भरली. न्यायाधीशसाहेब भिंतीला खुर्ची लावून ताठ बसले, जणू साक्षीदाराला पुकारलं होतं. बाईसाहेब पलंगाच्या कडेला पेंगत होत्या. गिरणीवालाही आला होता; त्याच्याकडे साहेबांची निराशा झाल्यामुळे इथलीही बघावी, एवढाच त्याचा सद्हेतू. लेक आणि जावई दाराशी उभे होते.

पाणी सुटलं. पाइपातून सळसळ झाली. टाकी भरत गेली, भरली आणि व्हॉल्व्ह सभ्यपणे मिटला.

काही नाही.

"रुसली वाटतं बाई," गिरणीवाला म्हणाला. त्याच्या मिशा आनंदाने हलत होत्या.

"रोज येतं का हो हे रडू?" न्यायाधीशांनी विचारलं. "की ऐकीव माहिती?"

"रोज येतं," लेक घाईघाईने म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकतेय. या भिंतीतून, असं हुंऽऽ हुंऽऽ..."

"तो आवाज होय?" जावई म्हणाला. "तो टाकीचा होता. मी बंद केला ना दुपारी."

सगळ्या माना वळल्या. लेकीने त्याच्या कोपराला चिमटा काढला. "तू गप्प बस रे जरा!"

जावयाने बायकोकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे ते पाहुणे... मला काय माहीत... मी आत्ता जाऊन सैल करतो," तो पुटपुटला आणि निघालाच.

"थांब!"

मावशींचा आवाज इतका चढला की पेंगणाऱ्या बाईसाहेब दचकून जाग्या झाल्या.

"शिडीला हात लावलास तर बघ. चांगलं केलेलं काम कोणी बिघडवतं का?" मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, खरं सांगते. बाई वगैरे काही नव्हती. वायसर झिजला होता. इतकी वर्षं मला ठाऊक होतं आणि मी चालू दिलं. आज माझ्या जावयाने तो बदलला. आता या घरात काही वाजत नाही, काही कुरकुरत नाही. तुम्हाला परत जायचं असेल तर गाडी बोलावते."

लेकीचं तोंड उघडंच राहिलं होतं. एवढं मोठं गुपित आईने आपल्यालाही सांगितलं नाही म्हणून रागवावं, की आई त्याला "तू" म्हणाली म्हणून हसावं, हे तिचं ठरत नव्हतं.

बोलल्या त्या बाईसाहेब. "काहीच वाजत नाही? खिडकीसुद्धा?"

"तिला कडी लावलीय," जावई हळूच म्हणाला.

"अहो," बाईसाहेब नवऱ्याला म्हणाल्या, "मी इथून हलत नाही. गिरणीत डास, तळ्याकाठी थंडी, पुलाखाली तुमचं घोरणं. तुमच्या भुतांपायी माझी झोप गेली. मी आता झोपणार, तुम्ही खुशाल कोर्ट भरवा." आणि त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. न्यायाधीशसाहेबांनी खटला तिथेच तहकूब केला.

गिरणीवाल्याची मौज मात्र फार टिकली नाही. जिना उतरताना जावयाने त्याला गाठलं. डोळ्यांत पुन्हा ती चमक आली होती.

"काका, तुमचं जातं रिकामंच फिरतं म्हणे? नेहमी, की वाऱ्याच्या दिवशीच?"

"का?"

"पट्टा सैल असणार. नाहीतर जातं थांबवायची खीळ अडकत नसेल. उद्या सकाळी येऊन बघतो. काही खर्च नाही."

"नको!" गिरणीवाला भिंतीला चिकटला. "मावशी, याला सांगा काहीतरी! बिनडोक्याचा आहे तर आहे, आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे, कुणाला त्रास नाही त्याचा..."

"मी कशी सांगू?" मावशी म्हणाल्या. "घरात ऐकलं का त्याने कुणाचं?"

गिरणीवाला चहाला न थांबता गेला. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकाला त्याने भरदिवसा कुलूप घातलं, आणि तळ्याच्या बाजूचे लोकही म्हणे दोन दिवस जरा सावध होते.

मावशींना फटका बसला, नाही असं नाही. रडू ऐकायला येणारे दोन गट आलेच नाहीत. कोपऱ्यातली खोली आठवडाभर रिकामी होती, म्हणून लेक आणि जावई त्याच खोलीत मुक्काम लांबवून राहिले. जावई सकाळी उठून स्वतःचं ताट स्वतः घेई, मावशी त्याला भाजी निवडायला बसवत आणि देठं जाड ठेवली म्हणून बोलत. तो उलट उत्तरं द्यायला शिकला होता.

अशाच एका सकाळी फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या.

"ते भुताचं पाहुणेघर ना? आम्हाला भूत असलेली खोली हवी आहे."

"भूत नाही हो आता," मावशी म्हणाल्या. "जावई आहे."

पलीकडे त्या घरात कोणाशी तरी बोलून आल्या.

"बरं. गरम पाणी येतं का?"

माडीवर हातोडीचे ठोके पडत होते. मावशींनी फोनवर हात ठेवला, वर पाहून ओरडून विचारलं, उत्तर ऐकलं आणि हात काढला.

"दुपारपासून येईल," त्या म्हणाल्या.