माझ्यातून सगळंच खाली पडत नाही

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो, आणि कुणाची दया मागायला तोंड उघडलेलं नाही. अंगावर गंज चढलाय, चौकटीचा एक कोपरा सुतळीने बांधलाय, हे मला ठाऊक आहे. माझ्या अंगभर भोकं आहेत म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. हसू देत. भोकं नसती तर मला परात म्हणाले असते आणि माझ्यात पीठ मळत बसले असते.

माझा जन्म चिंचणीचा. बन्सी सुताराने ऐनाच्या लाकडाच्या फळ्यांची चौकट केली, तिच्यावर बारीक तारेची जाळी ताणून ठोकली, दोनदा थोपटली आणि म्हणाला, "ही आता कुणाचं ऐकायची नाय." त्याला म्हणायचं होतं की जाळी ढिली पडणार नाही. मी मात्र त्याचं बोलणं मनावर घेतलं.

बोईसरला विपुलसाहेबांचा बंगला बांधला जात होता, तिथे मी कामाला लागले. विपुलसाहेब जळगावकडचे, इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या भिंतींच्या प्लास्टरची रेती माझ्यातून गाळून गेली. शंख, शिंपल्या, खडे सगळे मी वर धरून ठेवले. आज त्या भिंती गुळगुळीत दिसतात, पण त्यांचं कौतुक रंगाच्या कंपनीला मिळतं. असो. मिस्त्री गेला आणि मला विसरून गेला.

मग मला नवसीने उचललं. नवसी डोंगराकडच्या पाड्यावरची, बंगल्यात बागकामाला येणारी. तिची स्वतःची थोडी भातशेती आहे, पण ती पावसावरची. भात कापून झालं की पाड्यावरची निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीच्या ट्रकमध्ये बसतात आणि पावसाआधी परततात. पोरांची शाळा त्या ट्रकखाली जाते. नवसीला बंगल्याचं काम होतं म्हणून ती ट्रकमध्ये बसत नव्हती, आणि तिची मुलगी पारू सलग सहावीपर्यंत पोचली होती. हे नीट लक्षात ठेवा. पुढे गवताबद्दल बोलणार आहे, पण गोष्ट फक्त गवताची नाही.

मित्रांनो, चार महिने पाऊस कोसळला की हिरवळीच्या मुळाशी काही उरत नाही, सगळा कस वाहून जातो. म्हणून दसरा झाला, ऊन तापायला लागलं की हिरवळीला खत द्यायचं. नवसी आधी कुजलेलं शेणखत माझ्यातून चाळायची. मग युरिया. इकडच्या दमट हवेत युरियाचे गोळे होतात, आणि असा गोळा गवतावर पडला की तिथलं गवत जळून पिवळा डाग पडतो. ती गोळे माझ्यावर चोळून फोडायची, चाळलेल्या मातीत थोडासाच मिसळायची आणि मूठमूठ उधळत चालायची. एकदा उभं, एकदा आडवं. तेही दव पूर्ण सुकल्यावर, कारण ओल्या पात्याला युरिया चिकटला तरी पातं करपतं. शेवटी भरपूर पाणी. पाहुणे यायचे, चपला काढून हिरवळीवर चालायचे आणि विपुलसाहेबांना शाबासकी द्यायचे. ते ती घ्यायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही, नवसीचंही नाही.

मागच्या वर्षी मात्र खोक्यातून एक यंत्र आलं. हिरवं प्लॅस्टिक, दोन चाकं, वर पेटी. पेटीत खत भरायचं आणि ढकलत चालायचं, खत आपोआप पसरतं म्हणे. विपुलसाहेबांनी मला टाकीमागे फुटक्या कुंड्यांत फेकलं. "आता चाळत बसायचं नाही," ते म्हणाले. मी काही रडले नाही. रडणं हे माझं काम नाही. मी टाकीमागून बघत बसले.

आणि काय बघितलं? त्यांनी सकाळी दवातच यंत्र फिरवलं, न चाळलेला युरिया घालून. आठ दिवसांत हिरवळीवर पिवळे डाग. खापर कुणावर फुटलं असेल? नवसीवर. "तू पाणी नीट घातलं नाहीस," साहेब तिला म्हणाले. "पुढच्या वर्षी असं झालं तर मला दुसरा माळी बघावा लागेल." नवसी नळी उचलून पुन्हा पाणी घालायला गेली. मला मात्र इतका संताप आला की तेव्हाच तोंड फुटायला हवं होतं.

आता ह्या वर्षीचं सांगते. दिवाळीत साहेबांच्या कारखान्यातली माणसं जेवायला येणार होती, तीही हिरवळीवर. दसऱ्याच्या आधी साहेबांच्या सासूबाईंचा, रंभाबाईंचा, समुद्रकाठच्या दांडी गावाहून फोन आला. "जावईबुवा, रिक्षानं खत पाठवलंय. दसरा झाला का घाला." युरिया असं छापलेली गोणी आली, साहेबांनी ती खोलीत ठेवून घेतली.

सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच यंत्र घेऊन निघाले. फाटकाजवळचा एक पट्टा झाला आणि यंत्र अडकलं. त्यांनी ते हलवलं, आपटलं, उलटं केलं. शेवटी म्हणाले, "नवसी, गोळे झालेत. ती जुनी चाळण कुठे आहे?"

बघा. एक वर्ष टाकीमागे पडले होते, आणि पहिल्याच अडचणीला माझी आठवण.

नवसीने मला आणून झटकलं, गोणीतलं खत माझ्यावर ओतलं आणि हलवायला लागली. खाली काहीच पडेना. साहेब म्हणाले, "दाब हाताने." तिने दाबलं. साहेबांनी स्वतः दाबलं, अंगाचा भार टाकून. माझी एक तार कटकन तुटली, कोपऱ्याची फळी सुटली, पण मी एक खडा खाली जाऊ दिला नाही. युरियाचा गोळा कसा फुटतो हे मला माहीत आहे, आणि हा माल तसा नव्हता.

तेवढ्यात नवसीने हात मागे घेतला. आदल्याच दिवशी भात कापताना तिच्या बोटाला विळा लागला होता. ती बोटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "साहेब, ह्यो युरिया नाय. मीठ हाय."

"गोणीवर काय लिहिलंय? तुला वाचता येत नाही, तर निदान वाद घालू नकोस."

"नाय येत वाचता," नवसी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती जागची हललीही नाही. "पन बोट झोंबतंय, ते कळतंय. आनि युरिया ओल्या हाताला गार लागतो. ह्यो नाय लागत. हे मी गवताला घालनार नाय. मग तुमी मला उद्यापासून येऊ नको म्हना."

मित्रांनो, भट्टीचा ट्रक डोळ्यांपुढे उभा असताना ती हे बोलली. साहेबांच्या बायकोने, भावनाताईंनी, ओट्यावरून ते ऐकलं. त्या उतरल्या, एक खडा उचलून बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे आईने आपल्या माडांसाठी पाठवलंय. आमच्या दांडीला माडाच्या बुंध्याशी मीठच घालतात. त्याला ती खतच म्हणते. मिठाला रिकाम्या गोण्या लागतात, मग युरियाच्या धुऊन वापरतात."

साहेब जळगावचे. झाडाला कुणी मीठ घालतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते गोणीवरची अक्षरं पुन्हा वाचत उभे राहिले.

नवसी थांबली नाही. फाटकाजवळच्या पट्ट्यातलं मीठ तिने हाताने, झाडूने गोळा केलं आणि दोन दिवस तिथे पाणी सोडलं. मग माझी फळी सुतळीने बांधली, बाजारातून आणवलेला खरा युरिया चाळला आणि उन्हं चढल्यावर आपल्या पद्धतीने उधळला. दिवाळीपर्यंत सगळी हिरवळ हिरवीगार झाली. फक्त तो पट्टा वाचला नाही. बरोबर फाटकाशी, येणाऱ्याच्या पहिल्या पावलाखाली.

पाहुणे आले. साहेबांच्या वरचे अधिकारी फाटकातच थांबले. "अरेरे, एवढी छान हिरवळ, आणि हे कुणी केलं?"

नवसी नळाशी उभी होती. तिने मान खाली घातली नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मी नळाशेजारच्या खिळ्यावर टांगलेली होते आणि माझी एकूण एक तार ताणली गेली होती. मागच्या वर्षीचं उत्तर त्यांच्या तोंडाशी तयार असणार.

"मी केलं," साहेब म्हणाले. "युरिया समजून मीठ घातलं. नवसीबाई नको म्हणत होत्या."

अधिकारी खूप हसले. साहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. म्हणून मी त्यांना माफ केलंय. तुटलेली तार विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना मला घासूनपुसून दिवाणखान्यात टांगायचं होतं, पाहुण्यांना गोष्ट सांगायला. नवसी म्हणाली, "शोभेला दुसरं काय पन लावा. ही मला लागते." बरं झालं. मला हार नकोत. वापरून झाल्यावर शेण झटका, पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, एवढं केलंत तरी पुरे. आणि मी एखादी गोष्ट अडवली, तर लगेच हाताने दाबू नका. वर काय राहिलंय ते आधी बघा. अडवणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे.

भट्टीचा ट्रक मागच्या सोमवारी पाड्यावरून गेला. त्या वेळी पारू शाळेत होती, आणि नवसी इथे नळापाशी बसून माझ्यातून शेणखत चाळत होती.