मापाचं औषध

मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला तसं सुईने त्यांना जुमानायचं सोडलं. कात्री अजून ऐकायची, मशीनही ऐकायचं. पण कच्चे टाके घालायला दोरा ओवायचा तर बायकोला हाक मारावी लागे, आणि ती येताना एक टोमणा घेऊनच येई. टोमणा फुकट असला तरी मास्तरांना महाग पडे.

म्हणून डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "मास्तर, या कंपावर एका नव्या औषधाची ट्रायल सुरू होतेय, तुम्हाला घेता येईल त्यात," तेव्हा मास्तर खुर्चीत सरसावून बसले. ट्रायली घेण्यात तर त्यांचा जन्म गेला होता.

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे आधी जरा सैल ठेवणार, मी येऊन दाखवणार, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं ते तुम्ही बघणार, आणि शेवटी माझ्या मापाचं औषध."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या मापाचं नाही, मास्तर."

"मग कुणाच्या?"

"अजून कुणाच्याच नाही. कोट शिवून तयार आहे. तो किती जणांना बसतो, किती जणांना काचतो, ते बघायचंय. तुम्हाला फायदा होईलच, असं मी सांगू शकत नाही. शिवाय निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळेल. दिसायला तशीच. कुणाला कुठली, ते मलाही कळणार नाही."

"म्हणजे निम्म्यांच्या हातात नुसता हँगर." मास्तरांना खरं तर राग यायला हवा होता, आलं कुतूहल. "आणि हँगरवाल्यालाच कोट झकास बसलाय असं वाटलं तर?"

"वाटतं की. पुष्कळांना वाटतं. म्हणून तर हँगर द्यावा लागतो."

मास्तर हसले. असली गिऱ्हाइकं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

"थोडक्यात, यात मी गिऱ्हाईक नाही. दुकानातला पुतळा."

"पुतळ्याला काचलं तर तो बोलत नाही. तुम्ही बोलायचं. मळमळ, चक्कर, काहीही. नकोसं झालं तर कोट काढून ठेवायचा आणि घरी जायचं. माझे उपचार आहेत तसे चालू राहतील."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"ट्रायल आमच्याच दवाखान्यात आहे, मला माणसं हवीच आहेत. तेव्हा माझं मत आमच्या बाजूला कललेलं धरा. घाई नको. दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा."

मालातली खोट आधी सांगणारा दुकानदार मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता, आरशातसुद्धा नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त कोटाशिवाय. मास्तर दुकानात परतले तर बँकेतले साहेब ट्रायलला येऊन थांबलेले. कोट अंगावर चढवून ते आरशासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मस्त."

"काखेत काचतंय का?"

"छे, छे. फर्स्ट क्लास."

"मग साहेब, श्वास का रोखलाय?"

साहेब ओशाळले. "म्हटलं, या वयात एवढ्या मेहनतीने शिवलंय, उगाच तुम्हाला वाईट कशाला वाटायला."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. हा भला माणूस असा कोट नेऊन कपाटात टांगणार, आणि मास्तर पुढचाही कोट काखेत तसाच आवळणार. गोळ्या घेऊन सगळेच "मस्त" म्हणाले, तर डॉक्टरीणबाई बिचाऱ्या काय उसवणार?

साहेब गेल्यावर त्यांनी फोन लावला. "डॉक्टर, येतो मी. पण मी खडूस गिऱ्हाईक आहे. हँगर मिळाला तरी तक्रार करणार."

"तेच हवंय मला, मास्तर."

"काळजी नको हो डॉक्टर," बायको मागून फोनपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली. "तक्रारीत ह्यांचा हात धरणारं कुणी नाही."

तिने ओवलेली सुई पुढे केली. मास्तरांनी ती घेतली, पण टाका घातला नाही. दिव्याखाली धरून सुईचं टोक कसं, किती आणि कोणत्या बाजूला थरथरतंय ते बघत बसले, पहिल्यांदाच नीट.